जुन्या जीपचा मागचा आक्सल : दुरुस्ती, सुधारणा आणि कारागिराची जबाबदारी

मोटार दुरुस्तीच्या धंद्यात आपल्या समाजाची हजारो कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. मुंबईत कुर्ल्याचा भंगार बाजार असो, चोरबाजारातील स्पेअर पार्टची दुकाने असोत की तालुक्याच्या गावातील एस. टी. स्टँडमागचे पत्र्याचे गॅरेज असो, उस्तादाच्या हाताखाली शागिर्द म्हणून राहून शिकलेले हात तेथे काम करताना दिसतात. परंतु गेल्या काही वर्षांत या धंद्याचे रूप बदलले आहे. नवीन गाड्या कॉम्प्युटरवर तपासल्या जातात आणि कंपनीच्याच वर्कशॉपमध्ये जातात. साहजिकच छोट्या गॅरेजवाल्याचे काम कमी झाले. अशा वेळी एक काम मात्र असे आहे की, जे कंपनीचे वर्कशॉप सहसा हातात घेत नाही आणि ज्याला अजूनही अनुभवी मिस्त्रीचाच हात लागतो. ते म्हणजे जुन्या, नामांकित गाड्या पुन्हा उभ्या करण्याचे काम.

या लेखात आपण त्यातील एकाच भागाचा विचार करणार आहोत. तो म्हणजे जुन्या जीपचा मागचा आक्सल. हा भाग निवडण्याचे कारण असे की, बॉडीचे काम आणि रंग गिऱ्हाइकाला दिसतो, इंजिनाचा आवाज त्याला ऐकू येतो. आक्सल मात्र गाडीखाली चिखलात दडलेला असतो. तेथे काय केले आणि काय केले नाही, हे फक्त कारागीर आणि अल्लाह जाणतो. म्हणूनच कारागिराची खरी परीक्षा तेथे होते.

या गाडीचा थोडा इतिहास

विलीज कंपनीची जीप दुसऱ्या महायुद्धात जगभर पोहोचली. आपल्या देशात ती बनवणाऱ्या कंपनीची स्थापना १९४५ साली लुधियाना येथे झाली, तेव्हा तिचे नाव 'महिंद्रा अँड मोहम्मद' असे होते. जे. सी. महिंद्रा व के. सी. महिंद्रा या बंधूंबरोबर मलिक गुलाम मुहम्मद हे त्यात भागीदार होते. फाळणीनंतर गुलाम मुहम्मद पाकिस्तानात गेले, तेथील पहिले अर्थमंत्री व पुढे १९५१ साली गव्हर्नर जनरल झाले. १९४८ साली कंपनीचे नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' असे झाले. पुढे मुंबईत विलीज जीपची जोडणी सुरू झाली आणि सीजे-३बी हे मॉडेल, ज्याचे बॉनेट उंच असते, ते कित्येक दशके येथेच बनत राहिले. पोलीस, पाटबंधारे खाते, जंगल खाते, साखर कारखाने, सर्वत्र हीच जीप धावत असे. लिलावात निघालेल्या अशा जीप आजही शेतांच्या कडेला, गोदामांत पडून असतात. हौशी माणसे त्या विकत घेतात आणि मग मिस्त्रीचा शोध सुरू होतो.

आक्सलची रचना समजून घ्या

सीजे-३बी च्या मागे 'डाना ४४' किंवा 'स्पायसर ४४' या नावाने ओळखला जाणारा आक्सल असतो. मधला गोळा ओतीव लोखंडाचा असून त्याच्या दोन्ही बाजूंना पोलादी नळ्या दाबून बसवलेल्या व वेल्डिंगने पक्क्या केलेल्या असतात. गोळ्यात पिनियन, क्राउन आणि डिफरेन्शियलची केज असते. इंजिनाची ताकद प्रॉपेलर शाफ्टमधून पिनियनकडे येते, पिनियन क्राउनला फिरवतो आणि तेथून दोन्ही बाजूंच्या आक्सल शाफ्टमधून ती चाकांपर्यंत जाते. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते, ते शक्य व्हावे म्हणून केजच्या आत छोटे गिअर असतात.

या आक्सलचे एक वैशिष्ट्य नीट लक्षात ठेवले पाहिजे. तो 'सेमी-फ्लोटिंग' प्रकारचा आहे. म्हणजे आक्सल शाफ्ट चाकाला फिरवतो आणि गाडीचे वजनही पेलतो. ट्रकमध्ये 'फुल-फ्लोटिंग' आक्सल असतो. तेथे शाफ्ट तुटला तर गाडी जागेवर थांबते, पण चाक हबवर राहते. जीपच्या या आक्सलमध्ये मात्र शाफ्ट बेअरिंगच्या बाहेरच्या बाजूला तुटला की, चाक हबसकट निघून जाते. शिवाय जुन्या रचनेत शाफ्टचे टोक निमुळते असते, त्यावर हब एका चावीच्या आधाराने बसवलेला असतो आणि एका मोठ्या नटने आवळलेला असतो. घाटात भरल्या गाडीचे मागचे चाक निघाले तर काय होईल, हे सांगण्याची गरज नाही. तेव्हा हे काम केवळ आवाज बंद करण्याचे नसून माणसांच्या जिवाचे आहे.

उघडण्यापूर्वी रोग ओळखा

पुष्कळ ठिकाणी गाडी आली की लगेच गोळा उघडला जातो. हे योग्य नव्हे. प्रथम गाडी चालवून पाहावी.

पाय दाबल्यावर एक सुरात घूं घूं आवाज येतो आणि पाय सोडल्यावर बदलतो किंवा थांबतो, तर दोष बहुधा क्राउन-पिनियनच्या जुळणीत किंवा पिनियनच्या बेअरिंगमध्ये असतो. वेग कोणताही असो, पाय दाबलेला असो की सोडलेला, घरघर चालूच राहते, तर चाकाचे बेअरिंग पाहावे. सरळ रस्त्यावर शांत आणि फक्त वळणावर आवाज, तर केजमधील छोटे गिअर किंवा त्यांचे वॉशर. गाडी उचलताना 'ठक्' असा ठोका बसतो, तर प्रथम प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस पाहावेत, नंतर हबची चावी आणि पाट्यांचे यू-बोल्ट, आणि सर्वांत शेवटी क्राउन-पिनियन. डांबरी रस्त्यावर येणारा आवाज सिमेंटच्या रस्त्यावर बदलला, तर तो टायरचा आवाज आहे, त्यासाठी आक्सल उघडू नये.

त्यानंतर तेल काढून पाहावे. तेल दुधासारखे पांढुरके झाले असेल तर आत पाणी गेले आहे. बारीक चमकी थोडीफार असतेच, पण चुंबकाला लोखंडाचे कण किंवा दात्याचा तुकडा चिकटला तर गोळा उघडल्याशिवाय गत्यंतर नाही.

एक छोटी गोष्ट पुष्कळदा नजरेआड होते. आक्सलच्या नळीवर हवा बाहेर जाण्यासाठी एक छोटा ब्रीदर असतो. तो मातीने बुजला की, तेल गरम झाल्यावर आतील हवेचा दाब वाढतो आणि तेल सीलमधून ब्रेकच्या ड्रममध्ये उतरते. सील दोनदा-तीनदा बदलूनही गळती थांबत नसेल, तर आधी हा ब्रीदर साफ करावा.

खोलताना घ्यायची काळजी

गाडी जॅकवर ठेवून खाली कधीही शिरू नये. चासीखाली मजबूत घोड्या लावाव्यात आणि पुढच्या चाकांना अटकाव घालावा. ब्रेकचे ड्रम काढल्यावर आतील धूळ तोंडाने किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असते. ती धूळ श्वासावाटे फुफ्फुसात जाऊन बसते आणि वर्षानुवर्षांनी कर्करोगासारखे आजार उत्पन्न करते. ओल्या फडक्याने पुसावी, फडके बांधून टाकून द्यावे. आपल्या गॅरेजमध्ये कमी वयाचे शागिर्द असतात, त्यांना धूळ झाडण्याचे काम दिले जाते. त्यांच्या आरोग्याची जबाबदारी उस्तादावर आहे.

हब काढण्यासाठी योग्य पुलर वापरावा. शाफ्टच्या टोकावर घणाचे घाव घालणे ही वाईट सवय आहे. त्याने आटे तर खराब होतातच, शिवाय घावाचा धक्का आतील बेअरिंगवर आणि दोन्ही शाफ्टच्या मध्ये असणाऱ्या ठोकळ्यावर जातो. बेअरिंग कॅप काढण्यापूर्वी कॅप आणि हाउसिंग दोहोंवर खूण करावी. डावी कॅप उजवीकडे किंवा उलटी बसवून चालत नाही. प्रत्येक शिम कोणत्या बाजूचा व किती जाडीचा, हे मायक्रोमीटरने मोजून वहीत लिहून ठेवावे. शिमची चळत एका खोक्यात एकत्र टाकली की पुढचे दोन दिवस वाया गेलेच म्हणून समजा.

काय ठेवावे, काय फेकावे

शाफ्ट रॉकेलने धुऊन कोरडा करावा आणि डाय पेनेट्रंटने तपासावा. लाल द्रव लावून पुसला आणि वर पांढरा फवारा मारला की, डोळ्यांना न दिसणारी चीर लाल रेघ होऊन उमटते. चावीच्या खाचेचा शेवट जेथे होतो, तेथे विशेष लक्ष द्यावे. चीर बहुधा तेथूनच सुरू होते. स्प्लाइन सरळ आहेत की पिळल्या आहेत, हे पाहावे. पिळलेला शाफ्ट किंवा चीर असलेला शाफ्ट वेल्डिंग करून पुन्हा बसवू नये. वेल्डिंगच्या उष्णतेने त्या पोलादाचे पाणी उतरते आणि तो शाफ्ट पुन्हा तेथेच किंवा शेजारी तुटतो.

हबच्या आतील निमुळता भाग आणि शाफ्टचे टोक यांची बसण तपासण्यासाठी शाफ्टला निळी लावून हब हाताने दाबून बसवावा. निळी सर्वत्र सारखी उमटली पाहिजे. खरी पकड या निमुळत्या भागाची असते, चावी ही केवळ मदतनीस आहे. बसण खराब असेल तर चावी कितीही नवी घातली तरी ती कापली जाते.

नळ्या सरळ आहेत की नाहीत, हेही पाहणे जरूर आहे. वर्षानुवर्षे जास्त माल भरून धावलेल्या गाडीचा आक्सल वाकलेला असतो. मागचे टायर एका बाजूने झिजत असतील आणि सील टिकत नसतील, तर शंका घ्यावी.

क्राउन आणि पिनियन ही जोडी कारखान्यात एकत्र घासून जुळवलेली असते आणि दोघांवर एकच जुळणी क्रमांक असतो. एका गाडीचा क्राउन व दुसऱ्या गाडीचा पिनियन, दात्यांची संख्या तीच असली तरी, एकत्र चालत नाही. भंगार बाजारात घेताना दोन्ही नंबर ताडून पाहावेत.

जुळवणी : या कामाचा प्राण

जुळवणीचा क्रम ठरलेला आहे. प्रथम पिनियनची खोली, मग पिनियनच्या बेअरिंगचा ताण, त्यानंतर केजच्या बेअरिंगचा ताण व दात्यांमधील मोकळीक आणि शेवटी दात्यांवरील ठशाची तपासणी.

पिनियनच्या तोंडावर अधिक किंवा उणे चिन्हासह एक आकडा कोरलेला असतो. तो हजारांश इंचात असतो. जुन्या व नव्या पिनियनच्या आकड्यांतील फरकानुसार आतील बेअरिंगच्या कपामागील शिम बदलावी लागते. शिम वाढवली की पिनियन क्राउनजवळ जातो, कमी केली की दूर होतो.

पिनियनच्या नव्या बेअरिंगवर २० ते ४० इंच-पौंड इतका फिरण्याचा अडसर हवा. हे सील न बसवता मोजावे. त्यासाठी महागडे उपकरण नसले तरी अडत नाही. फ्लँजभोवती दोरी गुंडाळून ती वजनाच्या स्प्रिंगकाट्याने ओढावी. गुंडाळलेल्या जागेची त्रिज्या दोन इंच असेल, तर फिरत असताना काट्यावर साडेचार ते नऊ किलोच्या दरम्यान वजन दिसले पाहिजे. वेगळी त्रिज्या असेल तर त्या हिशेबाने. या आक्सलमध्ये पिनियनच्या दांड्यावरील शिम कमी केली की ताण वाढतो. नट पूर्ण आवळूनच मोजावे. नट ढिला ठेवून ताण 'जमवणे' म्हणजे काम अर्धवट सोडणे होय.

क्राउन व पिनियनच्या दात्यांमधील मोकळीक डायल गेजने मोजावी. ती ०.००५ ते ०.०१० इंच, म्हणजे सुमारे पाव मिलिमीटरच्या आत असावी. क्राउनवर एकाच जागी न मोजता तीन-चार ठिकाणी मोजावी. अंगठ्याने हलवून 'बरोबर आहे' म्हणणारे उस्ताद पूर्वी होते व त्यांचा हात खरोखरच तयार होता. परंतु आज डायल गेज सहज मिळते आणि गिऱ्हाइकाला आकडा दाखवता येतो. केज बाहेर काढताना व बसवताना हाउसिंग ताणण्याचे साधन वापरले, तर ०.०२० इंचापेक्षा अधिक ताणू नये, अन्यथा हाउसिंग पूर्ववत होत नाही.

शेवटी दात्यांना मार्किंगचा रंग लावून, क्राउनला फडक्याने थोडा अडसर देऊन पिनियन दोन्ही बाजूंनी फिरवावा. ठसा दात्याच्या मध्यभागी यावा. ठसा दात्याच्या मुळाशी आला तर पिनियन फार जवळ आहे, खोलीची शिम कमी करावी. ठसा दात्याच्या टोकाशी आला तर पिनियन दूर आहे, शिम वाढवावी. ठसा नीट आल्याशिवाय झाकण लावू नये. हे करण्यात कधी एक दिवस जातो, कधी दोन. पण आवाज करणारा आक्सल परत आला, तर मजुरी फुकट जाते आणि नावही जाते.

हबचा नट १५० फूट-पौंडांपेक्षा कमी आवळू नये. टॉर्कचा पाना नसेल तर हिशेब असा : तीन फूट लांब पाइपच्या टोकावर सुमारे २३ किलो वजन. स्प्लिट पिनचे भोक जुळत नसेल तर नट आणखी थोडा आवळावा, कधीही मागे फिरवू नये. पन्नास-शंभर किलोमीटर गाडी चालल्यानंतर पुन्हा एकदा नट तपासण्यासाठी गाडी बोलावून घ्यावी. आक्सल शाफ्टची आत-बाहेर हालचालही ब्रेक प्लेटमागील शिमने मॅन्युअलप्रमाणे बांधून घ्यावी लागते.

तेल हायपॉइड दात्यांसाठीचे, ८०डब्ल्यू-९० किंवा ९० नंबरचे, जीएल-५ दर्जाचे घ्यावे. सुमारे सव्वा लिटर लागते. गाडी सपाट जागी उभी करून भरण्याच्या भोकापर्यंत पातळी आणावी. हेच तेल जुन्या गिअरबॉक्समध्ये मात्र डोळे झाकून घालू नये, कारण तेथील पितळी रिंगांना त्यातील रसायने मानवत नाहीत.

सुधारणा : कोणती, कितपत

पुष्कळ गिऱ्हाईक म्हणतात, "गाडी हायवेवर पळाली पाहिजे." त्यांना आधी रेशोचा हिशेब समजावून सांगावा.

विलीज सीजे-३बी चा मूळ रेशो ५.३८ आहे, म्हणजे पिनियनला ८ व क्राउनला ४३ दाते. शेतातून व चढावर ओढण्यासाठी हा रेशो उत्तम आहे. ६.००-१६ च्या टायरची उंची सुमारे २८ इंच. टॉप गिअरमध्ये इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर गाडी ताशी ७५ किलोमीटरच्या आसपास धावेल. रेशो ४.८८ केला (८ व ३९ दाते) तर तेवढ्याच फेऱ्यांवर सुमारे ८२, आणि ४.२७ केला (११ व ४७ दाते) तर सुमारे ९४. परंतु ४.२७ वर चाकाकडे पोहोचणारी ओढ पाचव्या हिश्श्याहून थोडी अधिक कमी होते. मूळ पेट्रोल इंजिन ठेवून असा रेशो घातला, तर चढावर वारंवार गिअर पाडावा लागेल. कमी फेऱ्यांवर चालणारे डिझेल इंजिन बसवलेल्या गाडीला मात्र हा बदल फायद्याचा ठरतो.

येथे दोन गोष्टी विसरू नयेत. एक, गाडी फोर-व्हील असेल तर पुढच्या आक्सलचा रेशोही तोच हवा. मागे एक व पुढे दुसरा असेल, तर फोर-व्हील टाकताच दोन्ही आक्सल एकमेकांविरुद्ध ओढतात आणि ट्रान्स्फर केसचे नुकसान होते. म्हणजे खर्च एका आक्सलचा नव्हे, दोन्हींचा आहे, हे आधीच सांगावे. दोन, टायर मोठे घातले की रेशो आपोआप बदलतो. ७.००-१६ चा टायर सुमारे साडेतीस इंच उंच असतो. तो घातल्यावर ५.३८ चा आक्सल ४.९४ असल्यासारखा चालतो. पुष्कळदा गिऱ्हाइकाची गरज एवढ्यानेच भागते.

गोळा न उघडता रेशो ओळखण्याची युक्तीही माहीत असावी. मागची दोन्ही चाके उचलून गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी, एक चाक घट्ट धरून दुसरे पूर्ण दोन फेरे फिरवावे आणि प्रॉपेलर शाफ्टचे फेरे मोजावेत. सवापाचपेक्षा थोडे अधिक आले तर ५.३८, पाचला थोडे कमी आले तर ४.८८.

मजबुतीसाठी पहिली सुधारणा म्हणजे निमुळत्या टोकाचे शाफ्ट काढून फ्लँजसह एकसंध शाफ्ट बसवणे. त्याने हब व चावीची भानगडच संपते. मात्र स्प्लाइनची संख्या आधी पाहावी. जुन्या शाफ्टना १० आणि नंतरच्यांना १९ स्प्लाइन असतात. शाफ्ट बदलताना केजमधील साइड गिअरही त्याच संख्येचे लागतात. दुसरी सुधारणा ब्रेकची. मूळचे नऊ इंची ड्रम हे आजच्या वाहतुकीत अपुरे पडतात, अकरा इंची ड्रम बसवणे हा रुळलेला उपाय आहे. गाडीचा वेग वाढवून ब्रेक जुनेच ठेवणे हा अन्याय आहे. लिमिटेड स्लिप किंवा लॉकर हे चिखलात उपयोगी पडतात खरे. पण ओल्या डांबरी रस्त्यावर गाडी घसरू शकते आणि शाफ्टवर जास्त जोर येतो. ज्याला शहरातच गाडी फिरवायची आहे, त्याच्या गळ्यात असे महागडे सामान मारू नये.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ अन्वये नोंदणीपुस्तकातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केले. इंजिन बदलायचे असेल तर आर.टी.ओ.ची परवानगी व नोंद हवीच. याशिवाय जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल न झालेली गाडी 'व्हीए' मालिकेच्या नंबरखाली नोंदता येते. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी मात्र चालवता येत नाही.

कारागिराने यातून एवढा बोध घ्यावा की, गाडी घेण्यापूर्वीच गिऱ्हाइकाला विचारावे : गाडी प्रदर्शनासाठी व व्हिंटेज नोंदणीसाठी आहे की चालवण्यासाठी? पहिल्या प्रकारात मूळ आक्सल, मूळ रेशो, मूळ ड्रम जपावेत आणि काढलेला प्रत्येक मूळ भाग गिऱ्हाइकाला परत द्यावा. दुसऱ्या प्रकारात सुरक्षिततेला प्राधान्य द्यावे.

व्यवहार स्वच्छ असावा

आता धंद्याच्या मुद्द्याकडे वळू. जुन्या गाडीच्या कामात भांडणे होतात ती बहुधा अंदाजपत्रकावरून. गोळा उघडल्याशिवाय आत काय आहे हे कळत नाही, आणि तोंडी सांगितलेला आकडा गिऱ्हाईक मनात पक्का धरून बसते. म्हणून काम दोन टप्प्यांत सांगावे. पहिला टप्पा खोलणे, धुणे व तपासणे. त्याची ठराविक मजुरी आधीच ठरवावी. तपासणीनंतर कोणते भाग बदलायचे, कोणते चालतील, याची लेखी यादी करून गिऱ्हाइकाची सही घ्यावी आणि मगच दुसरा टप्पा सुरू करावा. मोजमापे, म्हणजे मोकळीक, बेअरिंगचा ताण, शिमची जाडी, एका कागदावर लिहून बिलासोबत द्यावीत. फोनवर ठशाचा फोटो काढून ठेवावा. हा कागद हीच तुमची जाहिरात. जुन्या गाड्यांचे शौकीन एकमेकांना ओळखतात, आणि एका चांगल्या कामामागून चार कामे येतात.

पार्टच्या व्यापाऱ्यांनाही एक शब्द सांगणे आवश्यक आहे. घासलेल्या क्राउनला तेल लावून 'कमी चाललेला' म्हणून विकणे, जुने बेअरिंग चकचकीत करून नव्या खोक्यात घालणे, हे प्रकार बाजारात चालतात हे सर्वांना ठाऊक आहे. पैगंबर मुहम्मद (सल्ल.) यांनी मदिनेच्या बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा वरचे धान्य कोरडे व आतले ओले निघाले. भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असा जाब त्यांनी त्या विक्रेत्याला विचारला आणि फसवणुकीचा कडक शब्दांत निषेध केला. मालातील ऐब लपवणे आणि आक्सलमधली चीर लपवणे यात फरक नाही. उलट ओल्या धान्याने पैशाचे नुकसान होते, फुटक्या शाफ्टने माणूस दगावतो. वापरलेला माल विकणे हे नाजायज नाही. तो वापरलेला आहे असे सांगून, दोष दाखवून, वाजवी किमतीला विकावा. अशा विक्रीत नफा थोडा दिसला तरी त्यात बरकत आहे.

तरुणांनी हे काम शिकावे

आपल्या गॅरेजांत मुले लवकर कामाला लागतात आणि उस्तादाच्या हाताकडे पाहून शिकतात. हे शिक्षण मोलाचे आहे, परंतु अपुरे आहे. मायक्रोमीटर वाचणे, इंच व मिलिमीटरचा हिशेब, टॉर्कचे कोष्टक, इंग्रजी मॅन्युअलमधील आकृती समजणे, हे ज्याला येते त्याच्याकडे शौकीन गिऱ्हाईक लांबून येते. जवळच्या आय.टी.आय.मध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम असतो. दहावी झालेल्या मुलाला गॅरेजमध्ये जुंपण्याआधी तेथे पाठवण्याचा विचार पालकांनी करावा. सुट्टीत तो गॅरेजमध्ये येईलच. उस्तादांनीही आपली विद्या झाकून ठेवू नये. शिमची जाडी कशी ठरवली हे शागिर्दाला न सांगणारा उस्ताद गेला, की त्याच्याबरोबर ते कसबही जाते.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांचे प्रमाण वाढत आहे आणि पुढे आणखी वाढेल. परंतु जुन्या गाड्यांवर प्रेम करणारी माणसे राहतीलच, आणि त्यांना विश्वासाचा कारागीर हवाच असेल. त्यासाठी लागणारे भांडवलही फार नाही : एक डायल गेज, एक मायक्रोमीटर, चांगला पुलर, टॉर्कचा पाना आणि एक वही. गिऱ्हाइकाची गाडी ही आपल्याकडे आलेली अमानत आहे, एवढे मनात ठेवून जो हे काम करील, त्याला हलाल रोजीची कमतरता पडणार नाही, इन्शाअल्लाह.